अर्धी गोळी

"वय?"

"असंल दोन-अडीच वर्सं."

"ताप कधीपासून?"

"काल सांजेपासनं, साहेब. पाय टेकत न्हाई, खात न्हाई, नुसती भोपळ्यांच्या आड जाऊन बसल्या."

डॉक्टर हळबे आमच्या काउंटरला टेकून चहा पीत होते. वरच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता आणि पेशंट तपासायला सुरुवात करण्याआधीचा चहा ते रोज खाली, आमच्या दुकानात घेत. एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी आपल्या काउंटरला टेकावं याचा दुकानाचे मालक मगदूम आण्णा यांना इतका अभिमान होता की ती जागा ते स्वतःच्या उपरण्यानं पुसत.

"पॅरासिटामॉल," डॉक्टर म्हणाले. "पाचशेची अर्धी. दिवसातून तीनदा. लहान पोर आहे, अर्धी पुरे."

"पोर न्हवं, साहेब," इसाकभाई म्हणाले. "मांजर."

डॉक्टरांचा कप ओठांपाशी क्षणभर थबकला. नुसता क्षणभरच. एम.डी. झालेला माणूस यापेक्षा जास्त थबकत नाही.

"मग काय झालं? जीव तो जीव. अर्धीच द्या."

आण्णांनी लगेच कात्री उचलली.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मिरज हे डॉक्टरांचं गाव. डाव्या कानाला एक डॉक्टर आणि उजव्याला दुसरा, अशी सांगलीची माणसं आमची थट्टा करतात, आणि कान दुखला की गुपचूप इथंच येतात. जनावरांसाठी मात्र गावात एक सरकारी दवाखाना, त्यात एक डॉक्टर, आणि तो डॉक्टर कायम कुठल्यातरी खेड्यात कुठल्यातरी म्हशीपाशी. मी नुकतीच बी.फार्म. झाले होते. विद्यापीठात दुसरी आले होते, आणि हे मी न विचारता सांगत असे. आण्णांनी मला नोकरीवर घेतलं, कारण कायद्याला औषधाच्या दुकानात एक फार्मासिस्ट लागतो. देवळात जशी मूर्ती लागते तसा. समोर दिसली पाहिजे. बोललीच पाहिजे असं काही नाही.

त्या दिवशी मूर्ती बोलली.

"सर, मांजराला हे चालतं का?"

"का? मांजराला ताप येत नाही?"

"येतो. पण..."

"पण काय? कुठल्या पुस्तकात लिहिलंय चालत नाही म्हणून?"

कुठल्याच नाही, हीच पंचाईत होती. चार वर्षं आम्ही औषधं शिकलो ती माणसांवरची, आणि माणसांच्या आधी उंदरांवरची. अमुक औषध किलोला किती दिलं की निम्मे उंदीर मरतात हे मला तोंडपाठ होतं. मांजराबद्दल एक ओळ नव्हती. ती पुस्तकं बहुधा उंदरांच्या बाजूनं लिहिलेली असावीत. माझ्यापाशी शंका होती आणि शंकेला पाठबळ देईल असं काहीही नव्हतं. असल्या शंकेला आमच्या दुकानात एकच उत्तर मिळायचं, आणि ते आण्णांनी दिलं.

"बाई, जे तान्ह्या पोराला चालतंय ते मांजराला न चालायला काय झालं? जनावर माणसापेक्षा चिवट असतंय. चाळीस वर्षांचा अनुभव हाय माझा."

चाळीस वर्षांत आण्णांनी किती मांजरांना औषध दिलं होतं, हे मी विचारलं नाही. इसाकभाईंनी गोळ्या खिशात घातल्या, डॉक्टरांना सलाम केला आणि ते गेले.

इसाकभाई तंबोरे करत. आमच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली आणि वर माळा. माळ्यावर मंगळवेढ्याकडून आणलेले मोठाले भोपळे वाळत पडलेले असत, आणि एका भोपळ्याला उंदरानं कुरतडलं की वर्षभर वाळवलेला, मापात बसलेला भोपळा वाया जाई आणि तंबोरा जन्मण्याआधीच संपे. म्हणून हे मांजर. त्याचं नाव जवारी. तंबोऱ्याची तार घोडीवर जिथं टेकते तिथं घासून घासून जो गुणगुणता नाद काढतात, त्याला जवारी म्हणतात, आणि मांडीवर घेतलं की ही तशीच गुणगुणते, असं इसाकभाईंचं म्हणणं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. हे सगळं मला ठाऊक होतं, कारण ते रक्तदाबाची गोळी न्यायला येत आणि रक्तदाबाबद्दल सोडून बाकी सगळं सांगत.

डॉक्टर वर गेले. आण्णा देवदर्शनाला गेले. मी फोनकडे पाहिलं. फोनच्या तबकडीला आण्णांनी कुलूप लावलेलं होतं. बाहेरून आलेला फोन घेता येई, आपण करता येत नसे. मी शेजारच्या एस.टी.डी. बूथवर गेले आणि जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला.

"साहेब बेडगला गेल्यात," तिथला शिपाई म्हणाला. "म्हैस अडल्या."

"आल्यावर एवढंच विचारायचंय की मांजराला पॅरासिटामॉल चालतं का?"

"कुणाला?"

"मांजराला."

तो हसला. म्हशींच्या दवाखान्यात मांजराची चौकशी म्हणजे साखर कारखान्यात जाऊन चिमूटभर साखर मागण्यासारखं होतं. पण माणूस भला असावा. त्यानं दुकानाचा नंबर घेऊन बेडगच्या डेअरीत निरोप ठेवला, आणि दुपारी, आण्णा डबा उघडून बसले असताना, दुकानातला फोन वाजला.

"मी कोडग बोलतोय. मांजराचं कुणी विचारलंय?"

"मी. हेमलता आवटी. फार्मासिस्ट आहे, मगदूम मेडिकलमध्ये. सर, ते पॅरासिटामॉल..."

"विचारताय की दिलंय?"

"सकाळी दिलं असेल."

पलीकडे एक शिवी गिळल्याचा आवाज आला.

"मग फोन ठेवा आणि पळा. ओठ वर करून हिरड्या बघा. तपकिरी दिसल्या, तोंड सुजलेलं दिसलं, तर मला इथं डेअरीत फोन करा, नंबर लिहून घ्या. आणि दुसरी गोळी जाऊ देऊ नका. म्हैस व्यालीय, पण जार पडायचा राहिलाय, तोवर मी इथंच आहे."

मी पळाले. मागून आण्णा ओरडले, "बाई, काउंटर सोडून कुठं?" त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. मूर्ती उठून चालायला लागलेली पाहून कुठलाही पुजारी इतका दचकला नसेल.

इसाकभाई खाली बसून खलात काहीतरी घोटत होते. कारखान्यातला नव्हे, स्वयंपाकघरातला खल. त्यात पांढरी पूड होती.

"या ताई. दुसरी बारीक करतोय. सकाळची दुधातनं दिली, सगळी गेली पोटात. पण गुण काय दिसंना. उलट जरा..."

मी त्यांच्या हातातला खल काढून घेतला. मला वाटतं, हिसकावूनच घेतला.

जवारी माळ्याच्या शिडीखाली पोत्यावर पडली होती. तिचं तोंड गालगुंड झाल्यासारखं फुगलं होतं, डोळे बारीक झाले होते, आणि पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. मी ओठ उचलला. हिरड्या काताच्या रंगाच्या. मांजराच्या हिरड्या कशा असतात हे मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. पण अशा नसतात, हे कळायला विद्यापीठात दुसरं यावं लागत नाही.

"काय झालं, ताई?" इसाकभाईंनी विचारलं. त्यांचा आवाज फार हळू होता. "डॉक्टरसाहेबांनी दिलंया न्हवं औषध?"

"दुकानात घेऊन चला. लगेच."

त्यांनी तिला तंबोऱ्याच्या गवसणीत गुंडाळलं. निळ्या मखमलीची, कुठल्यातरी मोठ्या गवयासाठी शिवलेली गवसणी. आम्ही भर दुपारी बाजारातून निघालो तेव्हा लोकांना वाटलं असेल, एखादं लहान वाद्य चाललंय.

दुकानात डॉक्टर हळबे पुन्हा खाली आलेले होते. सकाळचे पेशंट आटोपले की ते आण्णांशी पाच मिनिटं राजकारण बोलत.

"आण्णा, फोनची किल्ली द्या."

"कशाला?"

"किल्ली."

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं, गवसणीकडे पाहिलं, आणि करगोट्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. पुढे कित्येक दिवस ते सांगत की बाईंच्या आवाजात त्या दिवशी त्यांची आई बोलली. मी डेअरीचा नंबर फिरवला.

"सर, तोंड सुजलंय, हिरड्या तपकिरी आहेत, धाप लागलीय."

"म्हणजे व्हायचं ते झालंय," कोडग म्हणाले. खेड्यातल्या डेअरीच्या फोनवर बोलायची सवय असलेला माणूस; त्यांचा आवाज रिसीव्हरबाहेर पडून काउंटरभर पसरला. "मांजराला पॅरासिटामॉल! कुठल्या गाढवानं सांगितलं हे?"

मी डॉक्टर हळब्यांकडे पाहिलं नाही. त्याची गरज नव्हती.

"त्यांना सांगा," हळबे ताठ होत म्हणाले, "मी एम.डी. आहे."

"सर, ते एम.डी. आहेत."

"असं का?" रिसीव्हर म्हणाला. "मग मी गाढव म्हणायला नको होतं. गाढवं माझी पेशंट आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही. आता ऐका. माणसानं झोपेच्या गोळ्यांच्या जागी पॅरासिटामॉलच्या पंधरा-वीस गोळ्या खाल्ल्या तर तुम्ही काय देता?"

"ॲसिटिलसिस्टिन," मी म्हणाले. हे मला येत होतं. हे विचारल्याबद्दल मी त्या माणसाचे पाय धरले असते.

"तेच. आमच्या खात्यात ते मिळत नाही, तुमच्याकडे असेल. किलोला एकशे चाळीस मिलिग्रॅम, चौपट पातळ करून, पिचकारीनं तोंडातून. हळूहळू. ठसका लागू द्यायचा नाही. चिठ्ठी मी संध्याकाळी येऊन सही करतो. आणि क जीवनसत्त्व काढून ठेवा."

आमच्या फ्रीजशेजारच्या कपाटात त्या इंजेक्शनची खोकी होती. शेती असलेल्या भागात माणसं नाना तऱ्हेची विषं पितात, आणि हळब्यांकडे तसे पेशंट येत. म्हणून ती खोकी असायची. मी कपाटाला हात घातला.

"बाई, थांबा," आण्णा म्हणाले. "ते डॉक्टरसाहेबांच्या पेशंटसाठी राखीव हाय."

"हा डॉक्टरसाहेबांचाच पेशंट आहे," मी म्हणाले. "सकाळी इथंच तपासलाय."

दुकानात एक बाई तान्ह्या बाळासाठी ग्राइप वॉटर न्यायला आली होती. ती ग्राइप वॉटर विसरून उभी राहिली.

"हे बघ, आवटी," हळबे खालच्या आवाजात म्हणाले, "माणसांच्या डॉक्टरनं जनावरांवर उपचार करणं कायद्यात बसत नाही. मी यात पडू शकत नाही."

"सकाळी कायदा सुट्टीवर होता का, सर?"

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं हे मला ते गेल्यावर कळलं. मी त्या दुकानात चार महिने होते आणि तोपर्यंतचं माझं सर्वांत धाडसी वाक्य 'सुट्टे नाहीत' हे होतं. आण्णांनी डोळे मिटून घेतले. इसाकभाई मात्र काहीच ऐकत नव्हते. ते गवसणीत तोंड खुपसून तिला काहीतरी सांगत होते.

वजन करायला हवं होतं. इसाकभाईंना वजनकाट्यावर मांजर घेऊन उभं केलं, मग मांजराशिवाय उभं केलं. तीन किलोला थोडं कमी. मी कागदावर आकडेमोड केली, कुपी फोडली. कुजलेल्या अंड्यांचा वास दुकानभर सुटला. त्या औषधाला तो वास असतोच. पण ग्राइप वॉटरवाल्या बाईला ते कोण सांगणार? तिनं बाळाच्या नाकावर पदर धरला आणि तरीही ती गेली नाही.

मी औषध पाण्यात मिसळून पिचकारीत ओढलं. पिचकारीतलं पाणी रेघेच्या वर जाई, खाली येई.

"परत मोज," कुणीतरी म्हणालं.

डॉक्टर हळबे काउंटरच्या आत आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, माझा कागद ओढून घेतला, आकडे पाहिले, पिचकारी उजेडात धरली.

"बरोबर आहे. हं, मान वर धरा हो. जबड्याच्या कडेनं, दातांमागून. थेंब थेंब."

इसाकभाईंचे हात स्थिर होते. तार आणि हस्तिदंती घोडी यांच्यामध्ये घातलेल्या दोऱ्याची जाडी ओळखणारे हात. मी औषध सोडत होते, डॉक्टर पुढचे पाय धरून होते. आजारी मांजरातही किती मांजर शिल्लक असतं ते तेव्हा कळलं. तिनं फेस काढला, डोळे फिरवले, आणि एका झटक्यात डॉक्टरांच्या मनगटावर चार रेघा ओढल्या. डॉक्टरांनी हात सोडला नाही. औषध संपल्यावर मात्र त्यांनी मनगट बघितलं आणि फिकट होऊन विचारलं, "आण्णा, धनुर्वाताचं इंजेक्शन आहे ना?"

मग ते वर गेले. दुपारचे पेशंट खोळंबले होते.

डॉक्टर कोडग ऊन उतरल्यावर आले. फटफटीवरून. कोपरापर्यंत धुतलेले हात, आणि न धुतलेला बाकीचा माणूस. आण्णांनी त्यांना काउंटरला टेकू दिलं नाही. पाठीमागे औषधांच्या खोक्यांत बसून त्यांनी जवारीला तपासलं, सलाईन लावलं, मागच्या मांडीवरचे केस कापले. तिथं बोक्याच्या दाताचं भोक होतं आणि आत पू. ताप त्याचा होता. पू काढला, जखम धुतली. पॅरासिटामॉलनं जे कधीच बरं झालं नसतं ते चिमट्यानं आणि चमचाभर पाण्यानं होण्यासारखं होतं.

"असं का झालं, सर?" मी विचारलं.

"यकृत म्हणजे सरकारी कचेरी समजा. बाहेरून आलेलं औषध या टेबलावरून त्या टेबलावर जातं, शिक्के बसतात आणि शेवटी लघवीवाटे बाहेर. माणसाच्या कचेरीत पॅरासिटामॉलचं टेबल आहे, त्यावर कारकून बसतो. मांजराच्या कचेरीत ते टेबलच नाही म्हटलं तरी चालेल. मग तेच औषध आत फिरत राहतं आणि विष होऊन रक्त नासवतं. तुमचा एम.डी. हुशार असेल. पण त्याला वाटलं, मांजर म्हणजे मिशा असलेलं लहान पोर." ते हात पुसत उठले. "रात्रभर तरी भीती आहे. दर सहा तासांनी निम्मा डोस. उद्या सकाळी हिरड्यांचा रंग सांगा मला."

"मला यातलं काहीच शिकवलं नव्हतं," मी म्हणाले.

"मग रविवारी दवाखान्यात या. चप्पल जुनी घाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी इसाकभाई दुकान उघडायच्या आधी पायरीवर बसलेले होते. डोळे तांबारलेले. मला पाहताच ते उठले. त्यांनी नुसता स्वतःचा ओठ वर करून आपल्या हिरडीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. गुलाबी. तिसऱ्या दिवशी ती दूध प्यायली. आठवड्यानं माळ्यावर गेली.

त्यानंतर काय काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. आण्णांना अचानक साक्षात्कार झाला की मिरजेत जनावरं राहतात. त्यांनी एक फळी रिकामी केली, 'येथे जनावरांची औषधे मिळतील' अशी पाटी रंगवून घेतली आणि 'मी कधीपासनं म्हणत हुतो' असं गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली. मी दर रविवारी जुनी चप्पल घालून कोडगांच्या दवाखान्यात जाऊ लागले. कुठलं जंताचं औषध कुठल्या कुत्र्याला देऊ नये, औषध दिलेल्या गाईचं दूध किती दिवस डेअरीत घालू नये, शेळीला गाईचा डोस निम्मा करून का भागत नाही. कोडग शिकवत कमी, ओरडत जास्त. मी शिकत गेले.

आणि गावात गोष्ट अशी पसरली की हळबे डॉक्टरांनी एक मेलेलं मांजर जिवंत केलं.

मी कुणालाच काही बोलले नाही. वाट पाहत होते. दोनेक महिन्यांनी गावातल्या डॉक्टरांच्या मंडळानं रविवारी सकाळी एक व्याख्यान ठेवलं: 'घरगुती प्राणी आणि औषधांतील दक्षता'. वक्ते, डॉक्टर सदानंद हळबे. नंतर भोजन. हळबे दुकानात येऊन म्हणाले, "आवटी, ते यकृताचे वगैरे मुद्दे जरा काढून दे. आणि तू पण ये. इसाकभाईंचा सत्कार ठेवलाय."

मी मुद्दे काढून दिले. सुवाच्य अक्षरात. शिवाय एक वाक्य स्वतःसाठी काढून ठेवलं. कुणीतरी विचारणारच की मांजराला ती गोळी दिली कुणी. हळबे 'मांजराच्या मालकांनी अज्ञानातून' असं म्हणणार. आणि मग मी उभी राहून माझं वाक्य बोलणार. आठवडाभर मी ते घासूनपुसून ठेवलं होतं. अजून पाठ आहे; पण सांगत नाही, कारण ते वापरायची वेळच आली नाही.

सभागृह भरलेलं होतं. पुढच्या रांगेत इसाकभाई, गळ्यात झेंडूचा हार, पांढरी टोपी, अवघडून बसलेले. मी पाठीमागे. कोडग येणार नाहीत असं म्हणाले होते. त्यांना गाढवांशीच बोलायची सवय होती. हळब्यांनी छान सांगितलं. सरकारी कचेरी, टेबल, कारकून, सगळे हसले. उताऱ्याचं औषध, त्याचा वास, चार रेघा. टाळ्या पडल्या. आणि मग एक तरुण सर्जन उठला.

"सर, पण मुळात त्या मांजराला पॅरासिटामॉल दिलं कुणी?"

मी पर्स बाजूला ठेवली. पदर सारखा केला.

हळब्यांनी पाण्याचा घोट घेतला. त्यांची नजर पहिल्या रांगेत गेली. इसाकभाई त्यांच्याकडे बघून हसत होते. निव्वळ कौतुकानं, 'बोला साहेब' असं. दोन महिन्यांत त्या माणसानं सकाळच्या गोळीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणे, 'साहेबांनी पाय धरले म्हणून वाचली.'

"मी," हळबे म्हणाले.

स्वयंपाकघरातून पुऱ्या तळल्याचा आवाज येत होता. एरवी तो ऐकू आला नसता.

"मी दिलं. खाली दुकानात चहा पिताना. त्या मुलीनं मला विचारलं, सर, हे चालतं का? मी तिला म्हणालो, पुस्तक दाखव." त्यांनी पाठीमागे माझ्याकडे बोट केलं. "मला माहीत नव्हतं. मला माहीत नाही, हे सुद्धा मला माहीत नव्हतं. एवढंच सांगायला मी हे व्याख्यान घेतलं. बाकीचे मुद्दे तिनं लिहिलेत."

ते खाली येऊन बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच ठरवता येईना. मी पर्स पुन्हा मांडीवर घेतली. इतकं धारदार वाक्य आणि त्याला कापायला काही नाही. मला त्या माणसाचा खरं तर थोडा रागच आला.

मंडळी भोजनाकडे निघाली तेव्हा माझ्या खांद्याला कुणीतरी हात लावला. डॉक्टर इंदुमती रायबागकर. निम्मं मिरज त्यांच्या हातांवर जन्मलेलं. सत्तरी गाठलेल्या, काठी घेऊन चालणाऱ्या. मीसुद्धा त्यांच्याच हातची.

"तू ती फार्मासिस्ट का गं?"

"हो, मॅडम."

"जरा बस." त्या स्वतः आधी बसल्या. "त्यानं तोंडं सुजतात का गं? मांजरांची?"

"हो."

"आणि पंजे?"

"पंजेही सुजतात. हिरड्या तपकिरी होतात. लघवी काळपट होते."

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

"गेल्या दिवाळीत आमची सोनी गेली. सर्दी झाली होती. मी नातवाचं पॅरासिटामॉलचं सिरप दिलं चमचाभर. संध्याकाळपर्यंत तोंड हे एवढं झालं. त्यानंच गेली असेल का?"

कोडगांनी मला डोस शिकवले होते, लक्षणं शिकवली होती, उतारे शिकवले होते. हे कसं सांगायचं ते शिकवलं नव्हतं. नक्की सांगता येणार नाही, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं.

"हो, मॅडम," मी म्हणाले. "त्यानंच."

त्यांनी मान हलवली. रडल्या वगैरे नाहीत.

"खालच्या मजल्यावर माझी जाऊ राहते. तिला मांजरं आवडत नाहीत. तिनंच काहीतरी घातलं, असं मी धरून चालले. दिवाळीपासून बोलले नाही तिच्याशी. तिनं फराळ पाठवला, तो परत केला." त्या काठी टेकून उठल्या. "रिक्षा मिळेल का गं बाहेर?"

"जेवणार नाही का, मॅडम? पानं मांडलीत."

"नको. ती बाराला जेवते," त्या म्हणाल्या आणि जेवणाकडे चाललेल्या सगळ्या डॉक्टरांमधून उलट्या दिशेनं वाट काढत निघाल्या. "एकदा जेवून झोपली की मग पाचपर्यंत दार उघडत नाही."